वरच्या गल्लीची अन्नपूर्णा

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी बाई म्हणायच्या, "पाट्या काढा," आणि सगळा वर्ग कुरकुरायचा. कारण एकदा का त्या पाटीवर शनिवारची बातमी लिहिली, की सोमवारपर्यंत पाटी पुसायची नाही असा नियम होता. म्हणजे रविवारभर फुलीगोळा नाही, बैलाचं चित्र नाही, काही नाही. पाटी आपली चौकटीला धरून, अंगाला न लावता, तान्ह्या पोरासारखी जपून घरी न्यायची आणि आईबापापुढं बसून मोठ्यानं वाचून दाखवायची.

बाईंचं नाव सुशीलाबाई. कमलनगरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मराठी शाळा सातवीपर्यंत होती. पाचवी, सहावी, सातवी असे तिन्ही वर्ग एकाच खोलीत आणि तिन्ही बाईंच्याच गळ्यात. खालचे वर्ग हेडमास्तर पांडुरंगराव आणि त्यांची छडी मिळून सांभाळायचे. मी तेव्हा सहावीत. साल त्र्याहत्तर. ते ध्यानात राहिलं, कारण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला आम्ही पाटीवर लिहिलं होतं, 'आपल्या राज्याचं नाव आता म्हैसूर नाही, कर्नाटक. मुलांकडून पाठ करून घ्यावं.' माझ्या आईनं ते ऐकून विचारलं होतं, "नाव बदललं तर रेशनची साखर वाढंल का गं?" वाढली नाही.

पाटीच्या वरच्या अर्ध्यात 'बातमी' आणि खालच्या अर्ध्यात 'आठवण'. बातमी म्हणजे त्या आठवड्यात वर्गात काय झालं ते: भूगोलातल्या नद्या संपल्या, महेबूबचं अक्षर सुधारलं, ईरम्मानं कविता म्हटली. आठवण म्हणजे घरच्यांनी काय करायचं ते: उप्पिटासाठी ताटली द्या, नखं कापा, पोरींना चुलीपुढून उठवून वेळेवर धाडा. ऐकून झालं की सही. आता सही येणारे गावात असे किती? वरच्या गल्लीतले दोन-चार म्हातारे निजामाच्या वेळचे शिकलेले, ते उर्दूत सही ठोकायचे, आणि बाईंना उर्दू येत नसल्यानं ती सही की कोंबडीचे पाय, ते देवालाच ठाऊक. बाकी सगळ्यांचा अंगठा. शाई कुणाकडं नव्हती, पण पानाचा चुना घरोघरी होता. चुन्यात अंगठा बुडवून पाटीच्या कोपऱ्यात उठवायचा. सोमवारी बाई एकेक पाटी हातात घेऊन बघायच्या. जिच्यावर पांढरा अंगठा नाही, त्या पाटीचं पोर उभं.

आमच्या गावाचे तीन तुकडे. वरच्या गल्लीत लिंगायत आणि मराठे. मशिदीमागं मोमीन गल्ली. आणि ओढ्याच्या अलीकडं आमचा बौद्धवाडा. माझ्या आज्ज्यानं दीक्षा घेऊन भिंतीवरचे देव उतरवले त्याला सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण वरच्यांच्या तोंडी आम्ही 'खालचे' ते खालचेच. बाजारात, गिरणीत सगळे भेटायचे, बोलायचे, एकमेकांची चेष्टाही करायचे. एकमेकांचा उंबरा मात्र कुणी ओलांडायचं नाही. त्यामुळं दुसऱ्या गल्लीत कुणाला पोरं किती आणि त्यांची नावं काय, हे कुणालाच नीट ठाऊक नसायचं. सगळं ठाऊक असल्यासारखं बोलायचे मात्र सगळेच.

बाई राहायच्या चावडीमागच्या खोलीत, म्हणजे तिन्हींपैकी कुठंच नाही. माहेर भालकीचं, मराठी. सासर गुलबर्ग्याचं, कानडी. नवरा गेलेला. एवढीच माहिती गावाला होती आणि तेवढी पुरेशी वाटत होती. वरच्या गल्लीला वाटायचं, बाई ब्राह्मणाच्या, आपल्या हातचं खाणार नाहीत, उगाच कशाला जा. मोमीन गल्लीला वाटायचं, वरच्या बायका जात-येत असतीलच की. आम्हाला तर प्रश्नच पडायचा नाही. दिवेलागणीला बाई दारात एकट्या बसलेल्या दिसायच्या, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. एकट्या बाईची मूठभर डाळ निवडायला किती वेळ लागावा? त्या अंधार पडेपर्यंत निवडायच्या. तेव्हा वाटायचं, बाईंना डोळ्यांनी कमी दिसत असेल.

श्रावणातल्या एका शनिवारी बाई बातमी सांगत होत्या. पहिली झाली, दुसरी झाली. मग त्या म्हणाल्या, "तिसरी बातमी. अन्नपूर्णेला चौदाचा पाढा न अडखळता आला."

आमच्या पेन्सिली थांबल्या. वर्गात अन्नपूर्णा नव्हती. सगळ्या शाळेत नव्हती. महेबूब आमच्यातला तोंडाळ. त्यानं विचारलं, "कोन अन्नपूर्णा, बाई?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "लिहा," एवढंच म्हणाल्या.

बाई लिहा म्हणाल्या की आम्ही लिहायचो. गंगा हिमालयात उगम पावते हे तरी आम्ही कुठं बघून आलो होतो? लिहिलं आणि पाटी धरून घरी गेलो.

आईनं पाटी ऐकली आणि भाकरी थापता थापता विचारलं, "कुणाची गं ही अन्नपूर्णा?"

मला खरं सांगता आलं असतं. पण बाई चुकल्या असं म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी म्हणाले, "वरच्या गल्लीची."

"बघ," आई म्हणाली. "चौदाचा पाढा येतोय तिला. आन् तू नवावरच बसलीस."

सोमवारी कळलं, वरच्या गल्लीतल्या पार्वतम्माच्या नातीनं, म्हणजे ईरम्मानं, घरी सांगितलं होतं, "खालच्या वाड्यातली हाय." महेबूबनं सांगितलं होतं, "ओढ्याकडची हाय कुनीतरी." आम्ही काही आधी ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या घरी नेमकं तेच सांगितलं, जे खोटं म्हणून कुणीही कधी तपासायला जाणार नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही धीर करून हेडमास्तरांना विचारलं. पांडुरंगरावांनी आधी छडी काखेत मारली. "बाईंची पोरगी आहे ती. तुमच्याच एवढी. तीन वर्षांची होती तेव्हा बाप गेला. सासरचे म्हणाले, नोकरी करायची तर कर, पण पोरगी आमच्याकडं राहील, शहरात शिकेल. मराठीच्या मास्तरणीला नोकरी मिळते ती इकडं सरहद्दीलाच, गुलबर्ग्यात नाही. कळलं? आता पुन्हा कुणी विचारलं तर ही छडी उत्तर देईल."

कळलं ते एवढंच, की विचारायचं नाही. आता घरी खरं सांगावं, तर आधीचं खोटं बाहेर पडणार. म्हणून आम्ही गप्प राहिलो. आणि दर शनिवारी अन्नपूर्णेची एक बातमी यायला लागली.

अन्नपूर्णेनं लावलेल्या भोपळ्याच्या बीला दोन पानं आली. अन्नपूर्णा विजेला घाबरत नाही. अन्नपूर्णेनं स्वतःची वेणी स्वतः घातली. इतर बातम्या बाई चटचट सांगायच्या, पण ही सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि आम्हाला लिहायला वेळ मिळायचा. आम्हाला सवय झाली. फायदाही झाला. ताटली हरवली की "अन्नपूर्णेनं नेली," खडू मोडला की "अन्नपूर्णेनं मोडला." पण खरं सांगायचं तर मला तिचा रागच यायचा. उठता-बसता आईच्या तोंडी अन्नपूर्णा. "तिची वेणी ती घालती म्हणं. आन् तुझ्या उवा मी मारायच्या!" वरच्या गल्लीत ईरम्माची तीच गत. बिचाऱ्या महेबूबलाही वेणीवरून बोलणी बसली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं.

पोस्टमन आठवड्यातून दोनदा शाळेत यायचा. त्याच्या सायकलीची घंटा वाजली की बाई बोलता बोलता थांबायच्या, दाराकडं बघायच्या, आणि तो हेडमास्तरांच्या खोलीतून परत फिरला की मोडलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मार्गशीर्षात असं बरेचदा झालं. मग एका शनिवारी बातमी आली, "अन्नपूर्णेला ताप आहे. शाळेत येत नाही."

त्या बातमीनं गाव हललं. म्हणजे चुलीपाशी हललं, बायकांत. सोमवारी आईनं माझ्या दप्तरात तुळस आणि सुंठ बांधून दिली. "तिच्या आईला म्हण, काढा करून दे." पार्वतम्मानं ईरम्माबरोबर मठातल्या विभूतीची पुडी आणि रव्याचे दोन लाडू धाडले. महेबूबची आई हमीदाबी, तिनं मौलवींकडून ताईत करून आणला. आम्ही तिघं शाळेमागच्या चिंचेखाली बसलो. लाडू खाल्ले. सुंठही चघळून बघितली. विभूती आणि ताईत काही खाता येईनात. टाकून द्यायची छाती होईना. विभूती ईरम्माच्या देवाची, ताईत महेबूबच्या. शेवटी दोन्ही वस्तू खडूच्या डब्यात ठेवून दिल्या. पुढच्या सोमवारी आणखी आल्या: निळा दोरा, लिंबू, आईनं माझ्या जुन्या परकराचं शिवलेलं छोटं टोपरं. कानाला वारा लागू नये म्हणून.

एक दिवस खडू संपला आणि बाईंनी डबा उपडा केला. टेबलावर ताईत पडला, विभूती पडली, टोपरं पडलं.

"हे कुणाचं?"

मग ईरम्मा म्हणाली, "अन्नपूर्णेचं हाय, बाई. ताप आलाय म्हणून."

बाईंनी टोपरं उचललं, उलटं-सुलटं करून शिवण बघितली. मग डस्टर घेतलं आणि आमच्याकडं पाठ करून फळा पुसायला लागल्या. फळा कोरा होता. त्या पुसतच राहिल्या. आम्ही न सांगता दप्तरं भरली आणि त्या दिवशी वेळेआधी, न पळता, घरी गेलो.

शहाणी बाई असती तर तिथं थांबली असती. बाई थांबल्या नाहीत. पुढच्या शनिवारी अन्नपूर्णेचा ताप उतरला.

संक्रांतीनंतर पालकसभेची आठवण पाटीवर आली. दर वर्षीच्या पालकसभेला तीन बाप्ये यायचे. दोघं कौलांवरून भांडायला आणि एक चहाला. त्या वर्षी बायका आल्या. वरच्या गल्लीतून पार्वतम्मा पाच-सहाजणींना घेऊन आली, मोमीन गल्लीतून हमीदाबी आणि तिची जाऊ, आमच्या वाड्यातून माझी आई सुमनबाई आणि शेजारणी. शाळेच्या ओसरीवर तीन वेगवेगळे घोळके बसले, मध्ये मोकळी जागा ठेवून. सगळ्यांच्या नजरा मात्र भिरभिरत होत्या. तापातून उठलेली ती गुणाची पोर आणि तिची माय बघायला आल्या होत्या त्या.

पार्वतम्माला धीर धरवेना. तिनं मधल्या मोकळ्या जागेवरून हाक मारली, "सुमन, तुमच्या वाड्यातली ती अन्नपूर्णा कंची गं? दाव की जरा."

"आमच्या वाड्यातली?" आई म्हणाली. "न्हाई वो अक्का. ती तुमच्या वरच्या गल्लीची न्हवं का?"

"आमच्यात कुणीबी न्हाई अन्नपूर्णा."

दोघी हमीदाबीकडं वळल्या. हमीदाबी पदर सावरत म्हणाली, "हमारे में अन्नपूर्णा नाम रखते क्या, अक्का?"

मग सगळ्या आमच्याकडं बघायला लागल्या. आम्ही आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं. हेडमास्तर खाकरले, पण त्यांच्याआधी बाई खुर्चीवरून उठल्या.

"ती माझी आहे," बाई म्हणाल्या. "माझी मुलगी. गुलबर्ग्याला असते, आजीकडं. माझी नि तिची भेट वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. तुमच्या मुलांचं सगळं मी तुम्हाला कळवते. माझ्या मुलीचं मला कुणी असं कळवत नाही, पत्र येतं ते खुशालीच्या दोन ओळींचं. म्हणून मग मीच..."

"मंग ताप आल्ता ते?" पार्वतम्मानं विचारलं.

"महिनाभर पत्र नव्हतं. मला वाटलं, आजारीच असेल."

मला वाटलं, आता हसणार सगळ्या. किंवा ओरडणार, त्यांचे ताईत आणि लाडू फुकट गेले होते. हेडमास्तरांनी संधी साधून कौलांचा विषय काढला. पार्वतम्मानं त्यांना हातानंच गप्प केलं. "ऱ्हाऊ द्या वो तुमची कौलं, मास्तर." मग बाईंना म्हणाली, "लेकराला घिऊन या हितं. आमी बगतो."

"ती यायची नाही."

"कामून येत न्हाई? आईकडं यायला लेकराला काय धाड भरली?"

छडीसकट पांडुरंगराव माणूस बरा होता. गुलबर्ग्याला पत्र त्यांनीच लिहिलं, हेडमास्तर म्हणून, शिक्का मारून. बाईंचे दीर नरहरराव उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी एका शुक्रवारी संध्याकाळी तिला बसनं घेऊन आले. त्यांना कमलनगरला कुणाकडं तरी काम होतं. रविवारी दुपारी परत नेणार होते.

अन्नपूर्णा उंच होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात बूट. शनिवारी ती माझ्याशेजारी बसली आणि मी चोरून तिच्याकडं बघत राहिले. श्रावणापासून जिच्या नावानं बोलणी खाल्ली, तिच्या अंगाला पावडरीचा वास येत होता आणि तिला मराठी समजायचं, पण बोलताना ती शब्द शोधायची. मी तिला आमच्या शाळेतली एक जादा पाटी दिली. बाई बातमी सांगायला लागल्या. एक झाली, दोन झाल्या. ती कानडी अक्षरांत लिहीत होती. तिसरी झाली. मग ती जागा आली, जिथं बाईंचा आवाज दर शनिवारी खाली यायचा. आम्ही पेन्सिली उचलून थांबलो. बाई आपल्या मुलीकडं बघत होत्या. मुलगी पाटीकडं बघत होती, पुढचं वाक्य यायची वाट बघत, आम्हा सगळ्यांसारखीच.

"संपलं," बाई म्हणाल्या.

दुपारी चावडीमागच्या खोलीपुढं बायका जमल्या. आत कुणी गेलं नाही, पण अंगणात तिन्ही गल्ल्या होत्या. अन्नपूर्णेला मध्ये उभं केलं. पार्वतम्मानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि म्हणाली, "चौदाचा पाडा म्हण गं, बाई. आमी ऐकतो."

ती आईकडं बघायला लागली. मग कानडीत सुरू झाली, "हदिनाल्कु ओंदले हदिनाल्कु, हदिनाल्कु एरडले इप्पत्तेंटु..." चौथ्यावर अडखळली, लाल झाली आणि थांबली.

"आसू दे, आसू दे," पार्वतम्मा म्हणाली.

हमीदाबीनं तिच्या कपाळाला हात लावला. "बुखार उतर गया ना, बेटा?"

"मला ताप आला नव्हता," अन्नपूर्णा म्हणाली. "कधी?" मग बाईंकडं वळून तिनं विचारलं, "हे लोक मला कसे ओळखतात? तुम्ही काय सांगितलं यांना?"

तुम्ही. सख्ख्या आईला ती 'तुम्ही' म्हणाली, आम्ही बाईंना म्हणायचो तसंच. माझ्या आईनं मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "काही नाही गं. तू हुशार आहेस, एवढंच." मुलीनं मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नव्हे, मोठ्या माणसांपुढं हलवायची तशी. बायका हळूहळू आपापल्या वाटेनं पांगल्या.

रविवारी ती गेली. जायच्या आधी ओढ्यापर्यंत चालत आली, माझं घर विचारत, पाटी परत द्यायला. स्वच्छ पुसून आणली होती, ओल्या फडक्यानं, कोपरेसुद्धा. चांगल्या वळणाची मुलगी. पाटी सोमवारपर्यंत पुसायची नसते आणि ती आईला वाचून दाखवून अंगठा घ्यायचा असतो, हे तिला सांगायचं आम्ही विसरलो होतो.

पुढच्या शनिवारी बाईंनी दोन बातम्या सांगितल्या आणि 'आठवण' सुरू केली. परीक्षा जवळ आली, मुलांना शेतावर नेऊ नये. बस्स. मी घरी जाऊन वाचलं. आईनं चुन्याची डबी उघडली, अंगठा बुडवला आणि तसाच वर धरून बसली.

"आन् अन्नपूर्णेचं?"

"काही नव्हतं."

"कामून?"

"मला काय ठाऊक? बाईंनी सांगितलंच न्हाई."

"मंग अर्धीच बातमी आणलीस व्हय," आई म्हणाली आणि अंगठा पाटीवर न उठवता लुगड्याला पुसून टाकला. मी रडले, ओरडले, सोमवारी उभं राहावं लागेल म्हणाले. ती बधली नाही.

सोमवारी मी आपणहून उभी राहिले. बघते तर ईरम्मा उभी. महेबूब उभा. मागं आणखी चार-पाचजण. बाईंनी एक पाटी घेतली, दुसरी घेतली. "अंगठा का नाही?"

"आज्जी म्हणली," ईरम्मा सांगायला लागली, "अन्नपूर्णेचं सांगितल्याबिगर अंगठा मिळत न्हाई म्हणून बाईला सांग."

महेबूब म्हणाला, "अम्मीबी तसंच म्हणली."

बाईंनी ती बिनअंगठ्याची पाटी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "पुसा. आणि लिहा." सोमवारी कधी बातमी लिहायची नसते, पण आम्ही लिहायला बसलो. या वेळी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. आमच्याकडं बघून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "अन्नपूर्णा कशी आहे, ते मला माहीत नाही."

आम्ही लिहिलं. खाली 'आठवण' नव्हती.

संध्याकाळी मी ते आईला वाचून दाखवलं. एकच ओळ, तरी आईनं मला ती दोनदा वाचायला लावली. आईनं चुन्यात अंगठा बुडवला आणि पाटीवर दाबून धरला. मग विचारलं, "दिवस कलल्यावर बाईजवळ कोण असतं गं बसा-बोलायला?"

"वरच्या गल्लीचे असतील की," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. "अन्नपूर्णाबी वरच्या गल्लीचीच व्हती न्हवं?"

ती उठली. अंगठ्याचा चुनाही धुतला नाही, पदर डोक्यावरून घेतला आणि चालायला लागली. मी मागं मागं. ओढ्यावरून, गिरणीवरून, चावडीपर्यंत. अन्नपूर्णा आली तो शनिवार सोडला तर त्या बाजूला कामाशिवाय आई कधी गेलेली मी पाहिली नव्हती. कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली. आई थांबली नाही.

बाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून ताडकन उठल्या. सुपातली डाळ सांडली. त्या एका शनिवारखेरीज, शिकवायला आल्यापासून त्यांच्या दाराशी कुणाची आई आली नव्हती. आली ती वाईट बातमी घेऊनच आली असणार, असं त्यांना वाटलं असावं. "काय झालं, सुमनबाई? काय झालं पोरीला?"

"काय न्हाई, बाई," आई म्हणाली. "बसायला आले."

बाईंना ते उमगायला थोडा वेळ लागला. मग त्या लगबगीनं आत गेल्या, आणि आतून कितीतरी वेळ नुसते भांडी सरकवल्याचे, पेटी ओढल्याचे आवाज येत राहिले. मी वाकून बघितलं. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, रडत होत्या आणि चारी बाजूंना शोधत होत्या. त्या घरात बसायचा पाट एकच होता.